भाग ४१ : नाव कडू झाडाचं, कीर्ती गोड झाडाची – मॅकाडेमियाची गोष्ट

(ही भागाची लिखित आवृत्ती. अडखळणं आणि "अं… अं…" काढून टाकलंय, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

काजूवरचा भाग आपण केला त्यानंतर बरेच मेल आले. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून सोळाव्या शतकात गोव्यात आणलेलं झाड आपल्या कोकणात इतकं मुरलं की आता ते परकं म्हटलं तर लोकांना राग येतो, असं मी त्यात म्हणालो होतो. आणि राग आलाच! पण आज त्या मेलांबद्दल बोलायचं नाहीये. एक मेल वेगळा होता. ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा. त्यांनी नवीन घर घेतलंय, मागच्या अंगणात एक जुनं झाड आहे. गर्द हिरवी, कडेला काटेरी दाते असलेली पानं, आणि मार्च-एप्रिलमध्ये खाली पडणारी गोल हिरवी फळं. साल सुकून उकलली की आत तपकिरी, दगडासारखी टणक बी. शेजारी म्हणतात मॅकाडेमिया आहे, खा बिनधास्त. दुसरे शेजारी म्हणतात, काही झाडं विषारी असतात, जपून. ताईंचे प्रश्न दोन. एक, मुलं ही बी फोडून खातात, ती खाऊ द्यावी का? आणि दोन, येताना चार बिया पुण्याला आणून लावल्या तर येतील का?

मी पाच ओळींचं उत्तर लिहायला बसलो आणि पंधरा दिवस वाचतच राहिलो. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना शास्त्रज्ञांनाच जवळजवळ शंभर वर्षं लागली. दोन्ही शेजारी आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि ते दोघेही बरोबर कसे, हाच आजचा भाग.

आधी झाडाची ओळख. मॅकाडेमिया हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वर्षावनातलं झाड. क्वीन्सलंडचा दक्षिण-पूर्व कोपरा आणि न्यू साउथ वेल्सचा उत्तरेकडचा भाग, एवढ्याच पट्ट्यात ते रानात उगवतं. कूळ प्रोटिएसी. या कुळातलं एक झाड तुम्ही नक्की पाहिलंय. पाचगणीला जाताना रस्त्याच्या कडेला सरळसोट उभे असतात ते सिल्व्हर ओक. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तेच. ओकशी त्यांचा काही संबंध नाही, ते याच ऑस्ट्रेलियन जंगलातून आलेले, मॅकाडेमियाचे चुलतभाऊ. मुंबईतल्या एका बंगल्यामुळे हे नाव राजकारणाच्या बातम्यांत रोज येतं, पण त्या झाडाचा भाऊ जगातल्या महागड्या सुक्यामेव्यांपैकी एक देतो हे फारसं कुणी सांगत नाही.

आता नाव. आपल्याकडे रस्त्याची कामं पाहिलेल्या माणसाला मॅकॅडम शब्द माहीत असतो. डब्ल्यूबीएम म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, खडी-मुरुमाचा रस्ता. तो मॅकॅडम वेगळा बरं का, तोही स्कॉटिशच. आपला जॉन मॅकॅडम १८२७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मला, रसायनशास्त्र आणि वैद्यक शिकला, मेलबर्नला आला, तिथे शिकवलं, सरकारसाठी रासायनिक तपासण्या केल्या, राजकारणातही पडला. १८५८ मध्ये मेलबर्नमध्ये दोन शाळांमध्ये फुटबॉलचा एक सामना झाला, जो ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या इतिहासात फार मानाने सांगितला जातो, त्यात पंचांपैकी एक हाच. आणि तो तिथल्या फिलॉसॉफिकल इन्स्टिट्यूटचा सचिव होता. याच संस्थेच्या कामकाजात फर्डिनांड फॉन म्यूलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका नव्या झाडाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि झाडाला आपल्या या मित्राचं नाव दिलं. मॅकाडेमिया टर्निफोलिया. साल १८५७-५८. टर्निफोलिया म्हणजे तीन-तीन पानं असलेलं.

मॅकॅडमचा शेवट मात्र विचित्र झाला. १८६५ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका जहाजाच्या कप्तानावर बायकोला विष घातल्याचा खटला चालू होता. विषाचा जाणकार म्हणून साक्ष द्यायला मॅकॅडम बोटीने निघाला आणि वाटेतच, वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारला. विषाच्या तज्ज्ञाचं नाव ज्या झाडाला मिळालं, ते नेमकं कोणतं झाड होतं हे ऐकलं की तुम्हाला थोडं हसू येईल. थांबा, येतोच तिकडे.

त्याआधी एक गोष्ट. म्यूलरने झाड "शोधलं" असं पुस्तकात लिहितात. हा शोध वगैरे शब्द मला अशा वेळी खटकतो. त्या डोंगरांत हजारो वर्षं माणसं राहत होती. गबी गबी, बुचुला, बुंजलुंग, युगंबेह अशी त्यांची नावं. त्यांना हे झाड माहीत होतं, ते फळ वेचत होते, दगडाने फोडून खात होते, एकमेकांना भेट आणि देवाणघेवाण म्हणून देत होते. त्यांच्या बोलीतलं "किंडल किंडल" हे नाव बऱ्याच ठिकाणी नोंदलंय. माउंट बॉपल नावाचा डोंगर आहे, त्याच्यावरून जुने ऑस्ट्रेलियन लोक याला अजून बॉपल नट म्हणतात. आणि १८६० च्या दशकात ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लोगन नदीकाठचा एक वडीलधारा आदिवासी, गोरे त्याला किंग जॅकी म्हणायचे, रानातून ही बी गोळा करून वसाहतीतल्या लोकांना नियमित द्यायचा असं सांगतात. मॅकाडेमियाचा पहिला व्यापारी कोण म्हटलं तर तोच. आता ज्या माणसाकडून तुम्ही खायला घेता त्याला त्या झाडाविषयी काय माहीत आहे हे विचारायला काय हरकत होती? पण वनस्पतिशास्त्राची पद्धत तशी नव्हती. नमुना कापायचा, दाबून वाळवायचा, लॅटिन नाव द्यायचं. त्या पद्धतीचे फायदे पुष्कळ आहेत, मी ते नाकारत नाही. पण इथे तिने गोंधळ घातला.

गोंधळ असा. म्यूलरच्या आधी १८४३ मध्ये लुडविग लाइकहार्ट या जर्मन भटक्या संशोधकाने या झाडाचा नमुना गोळा केला होता. हा लाइकहार्ट १८४८ मध्ये ऑस्ट्रेलिया आडवा पार करायला निघाला आणि अख्ख्या तुकडीसकट गायब झाला, तो आजतागायत. त्याच्यावर एक वेगळा भाग होईल. मग दीड दशकाने म्यूलर आणि ब्रिस्बेनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख वॉल्टर हिल, दोघांनी मोरटन बेच्या आसपासची, पाइन नदीकडची जंगलं पालथी घातली. म्यूलरने जो नमुना घेऊन वर्णन लिहिलं तो होता एका लहान बीच्या झाडाचा. ही बी सुपारीपेक्षा बरीच लहान आणि चवीला कडू. कडू का? तर तिच्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं आहेत. कडू बदाम चुकून दाताखाली आला की आपण कसा थू करून टाकतो, तीच जात. कडूपणा ही झाडाची सूचना आहे.

पण त्याच जंगलात शेजारीच, जवळजवळ तसंच दिसणारं दुसरं झाड होतं. पानं तीन-तीनच. बी मोठी, सुपारीएवढी, आणि गोड, लोण्यासारखी. म्यूलर आणि हिल दोघांच्या हिशेबात ही दोन्ही एकच.

हिलची एक गोष्ट ऑस्ट्रेलियात मोठ्या आवडीने सांगतात. बी रुजायला सोपं जावं म्हणून हिलने उद्यानातल्या एका पोराला बिया शिकंज्यात धरून फोडायला बसवलं. थोड्या वेळाने येऊन बघतो तर पोरगा आतला गर खातोय! हिलचा समज होता की ही बी विषारी आहे. तो घाबरला, वाट बघत बसला. पोराला काही झालं नाही, उलट तो म्हणाला, छान लागतं. मग हिलने स्वतः खाल्लं आणि तो या झाडाचा प्रचारकच झाला. गोष्ट किती खरी कोण जाणे, अशा गोष्टी सांगता सांगता गोलाकार होतात. पण तिच्यातली भीती मला खरी वाटते. कारण त्या डोंगरात एक कडू झाड होतंच. हिलने १८५८ मध्ये उद्यानात लावलेलं मॅकाडेमियाचं झाड ब्रिस्बेनमध्ये आजही उभं आहे, आणि मुद्दाम लागवड केलेलं ते जगातलं पहिलं मॅकाडेमिया मानलं जातं.

आता नियम असा की शास्त्रीय नाव ज्या नमुन्यावरून दिलं, त्या नमुन्याच्या जातीला ते कायमचं चिकटतं. सातबाऱ्यासारखं. म्हणजे मॅकाडेमिया टर्निफोलिया या नावाचा सातबारा निघाला कडू, न खाण्याच्या झाडाच्या नावावर. आणि सगळे लोक गोड झाडालाही तेच नाव वापरत राहिले. १८९७ मध्ये सिडनीच्या जोसेफ मेडन आणि अर्न्स्ट बेत्शे यांनी गोड झाडाला वेगळी जात म्हणून नाव दिलं, मॅकाडेमिया इंटेग्रिफोलिया, म्हणजे अखंड कडेच्या पानांचं. पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. म्यूलर हे फार मोठं नाव, आणि मोठ्या नावाला दुरुस्त करायला लोक कचरतात. बागायतदार, रोपवाटिका, अगदी हवाईतले संशोधकसुद्धा पुढे पन्नास-साठ वर्षं टर्निफोलियाच लिहीत होते. दरम्यान आणखी एक खाण्याजोगी जात होती, चार-चार पानांची. तिला १९५४ मध्ये लॉरी जॉन्सन यांनी टेट्राफायला असं वेगळं नाव दिलं. आणि १९५६ मध्ये क्वीन्सलंडचे लिंडसे स्मिथ यांनी जुने नमुने काढून, तपासून, एकदाचा निवाडा केला: टर्निफोलिया ते कडू, इंटेग्रिफोलिया ते गोड, टेट्राफायला ते तिसरं.

१८५७ ते १९५६. नव्व्याण्णव वर्षं! तोपर्यंत हवाईत या झाडाचे मोठे मळे उभे राहिले होते. म्हणजे एक अख्खा उद्योग चुकीच्या नावाने चालला होता, आणि तरीही कुणाला विषबाधा वगैरे झाली नाही. का? कारण लावणारे लोक नाव बघून लावत नव्हते. बी चावून बघून लावत होते. कडू लागली की फेकून द्यायची. आपल्याकडे बिब्ब्याचं तेच आहे. वरचं टरफल कातडी जाळतं आणि आतली गोडंबी आपण लाडवात घालतो. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकातून आलेलं नाही.

आता ब्रिस्बेनच्या ताईंसाठी. झाड ओळखायचं कसं ते नीट ऐका.

पहिलं, पानं मोजा. फांदीच्या एका पेरातून किती पानं एकत्र निघतात? चार असतील, पानांना देठ जवळजवळ नसेल, कडेला भरपूर काटेरी दाते असतील, कोवळी पालवी लालसर-गुलाबी आणि फुलं गुलाबी असतील, बीचं कवच जरा खडबडीत असेल, तर ते टेट्राफायला. खाता येतं, बी जरा जास्त गोड असते, पण भाजताना साखरेमुळे लवकर काळी पडते, म्हणून व्यापारात मागे राहिली. तीन पानं, स्पष्ट देठ, मोठ्या झाडावर पानांची कड बरीचशी साधी, पालवी फिकट हिरवी, फुलं पांढरट, कवच गुळगुळीत आणि बी मोठी, तर इंटेग्रिफोलिया. तीन पानं, पण झाड लहानखुरं, पालवी गुलाबी, फुलं गुलाबी आणि बी अगदी लहान, तर सावध व्हा, ते टर्निफोलिया असू शकतं. एक गोम आहे. इंटेग्रिफोलियाच्या लहान रोपाची पानंही काटेरी असतात, त्यामुळे रोपावरून निकाल देऊ नका. आणि शहरातल्या परसदारी बऱ्याचदा इंटेग्रिफोलिया आणि टेट्राफायलाचा संकर असतो, ही दोन्ही सहज एकमेकांत मिसळतात. मग एकाच झाडावर कुठे तीन, कुठे चार पानं दिसतात. घाबरायचं कारण नाही, दोन्ही बाजू खाण्याच्याच.

ताई, तुमच्या फोटोत बी मोठी आहे आणि पानं चार-चार दिसतायत, म्हणजे बहुतेक टेट्राफायला किंवा संकर. तरी फोटोवरून पोरांच्या तोंडात घालायचा निर्णय मी घेणार नाही. क्वीन्सलंड हर्बेरियम लोकांनी पाठवलेले नमुने ओळखून देतं. पानं-फुलांसकट एक फांदी वाळवून पाठवा. आणि मुलांना एक नियम शिकवा, कडू लागलं की गिळायचं नाही, थुंकायचं आणि आईला सांगायचं. घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडाला मात्र गोड मॅकाडेमियासुद्धा लागू देऊ नका. कुत्र्यांना ती बाधते, मागचे पाय लुळे पडल्यासारखे होतात, उलट्या होतात. माणसाला चालतं ते कुत्र्याला चालतंच असं नाही.

आता दुसरा प्रश्न, लागवड. इथे इतिहास जास्त रंगतो.

गोऱ्यांनी पहिली व्यापारी बाग लावली ती न्यू साउथ वेल्समध्ये लिझमोरजवळ राउस मिल इथे, चार्ल्स स्टाफ याने, १८८० च्या दशकात. जागा लक्षात ठेवा. कारण लिझमोर आणि बायरनच्या आसपास तेव्हा बिग स्क्रब नावाचं सुमारे ७५,००० हेक्टरचं वर्षावन होतं. आधी लाल देवदारासाठी लाकूडतोडे घुसले, मग सरकारने जमिनी वाटल्या, अट अशी की जंगल साफ करा. एकोणिसावं शतक संपेपर्यंत ते वन जवळजवळ संपलं. आज एक टक्क्याहूनही कमी उरलंय, तुकड्या-तुकड्यांत. म्हणजे मॅकाडेमियाची बाग लावली जात होती तेव्हाच, त्याच मुलखात, रानटी मॅकाडेमिया कुऱ्हाडीखाली जात होतं. एकाच पिढीत दोन्ही गोष्टी.

आणि त्याच सुमाराला बी समुद्रापार गेली. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. मोठ्या बेटावर कुकुइहाएले इथे विल्यम पर्व्हिस नावाचा उसाच्या मळ्याचा व्यवस्थापक होता, त्याने १८८१-८२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून बिया आणून लावल्या. मग १८९२ मध्ये, राणी लिलिउओकलानीच्या कारकिर्दीत, जॉर्डन बंधूंनी होनोलुलूत आणखी बिया आणून लावल्या. सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून, उसाला वाऱ्याचा आडोसा म्हणून. १९२० च्या दशकात अर्नेस्ट व्हॅन टॅसलने सरकारी जमीन भाड्याने घेऊन होनोलुलूजवळच्या टँटलस डोंगरावर खरी बाग उभी केली आणि मॅकाडेमियाची कंपनी काढली.

आणि फसला. म्हणजे पूर्ण नाही, पण जे व्हायचं तेच झालं. बीपासून वाढवलेली झाडं एकसारखी येत नाहीत. एका झाडाला भरपूर फळ, शेजारच्याला मूठभर. एकाचं कवच पातळ, दुसऱ्याचं फोडता फुटत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, रायवळ येतो. म्हणून तर कलम करतात. आपल्याकडे कलमांचा हापूस पोर्तुगीजांच्या काळापासून आहे. मग मॅकाडेमियाचं कलम का नाही केलं?

केलं, पण लागेना. लाकूड कमालीचं कठीण, काडी खुंटाला जुळायच्या आधीच सुकून जायची. हवाईच्या कृषी संशोधन केंद्रातल्या लोकांनी १९३० च्या दशकात यावर तोड काढली, आणि ती ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या आजोबांना माहीत होतं. ज्या फांदीची काडी घ्यायची त्या फांदीच्या बुडाशी सालीची एक अंगठी काढून टाकायची आणि काही आठवडे तशीच ठेवायची. गुटी कलमात आपण तेच करतो की नाही? गुटीत तिथे शेवाळ बांधून मुळं फुटू देतो. इथे उद्देश वेगळा. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. साल तोडली की ते खाली जात नाही, फांदीतच साठतं. अशी साठा भरलेली काडी कापून खुंटावर बांधली की तिला जुळेपर्यंत तग धरायची ताकद मिळते. कलमं लागू लागली.

मग निवड सुरू झाली. हजारो झाडांतून चांगली निवडत निवडत १९४८ मध्ये पहिल्या पाच जातींना नावं दिली गेली. कीआउहौ, नुउआनू, काकेआ वगैरे हवाईयन नावं. मोठ्या कंपन्या आल्या. मॅकाडेमिया म्हणजे हवाई असं जगाच्या डोक्यात बसलं. विमानतळावर चॉकलेटच्या डब्यावर ज्वालामुखी आणि नारळाची झाडं! ऑस्ट्रेलियन लोकांना याचा जो राग आहे तो आपल्याला बासमतीच्या पेटंटचा आला होता तसलाच. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका बड्या साखर कंपनीने मळे लावायला घेतले तेव्हा कलमं कुठून आणली? हवाईतून. आपल्याच रानातलं झाड, परदेशातून विकत.

पुण्याला येतील का? तर आधी स्पष्ट सांगतो, बॅगेत बिया टाकून आणू नका. परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय लागवडीची बी भारतात आणता येत नाही, आणि तो नियम मला योग्य वाटतो. इथेच रीतसर रोप मिळालं तर गोष्ट वेगळी. बी लावायची असेल तर ताजीच हवी, जुन्या बीची रुजायची ताकद झपाट्याने जाते, आणि दुकानातला भाजलेला दाणा तर मेलेलाच असतो. कवचासकट एक-दोन दिवस पाण्यात भिजवा, आडवी ठेवून मातीत फार खोल न पुरता लावा, उंदरांपासून जपा. कोंब यायला महिना-दोन महिने सहज लागतात. बीच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं किंवा जास्त, कलमाला चार-पाच.

जमीन मात्र महत्त्वाची. हे वर्षावनातलं झाड, पाणी हवं पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. आपली काळी चिकण माती त्याला मानवणार नाही. कोकणातली किंवा घाटमाथ्यावरची तांबडी, निचऱ्याची, आम्लधर्मी जमीन त्याच्या जास्त जवळची. आणि एक चूक आपले लोक हमखास करतील म्हणून सांगतो. खड्ड्यात मूठभर सुपर फॉस्फेट किंवा डीएपी टाकायची सवय. इथे नको! प्रोटिएसी कुळातली झाडं स्फुरद कमी असलेल्या जमिनीत वाढलेली. त्यांना ब्रशसारख्या दाट मुळांचे झुपके फुटतात, आणि ती मुळं मातीतला कणकण स्फुरद ओढून घेतात. उपाशी माणसाला एकदम जेवणावळ घातली की जे होतं ते या झाडांचं भरपूर स्फुरदाने होतं. पानं पिवळी पडतात. पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, तेच त्याचं खरं खत.

फुलोरा बघायला सुंदर असतो. एका लोंबत्या तुऱ्यात शंभर ते तीनशे फुलं. पण फळ धरतं त्यातल्या मोजक्याच. ही फळं तोडायची नसतात, पिकून खाली पडलेली वेचायची. मग हिरवी साल लगेच काढायची आणि बी सावलीत काही आठवडे वाळवायची. ताजी बी फोडली तर गर कवचाला चिकटलेला असतो. वाळल्यावर तो आक्रसतो आणि सुटा होतो. गरात सत्तर टक्क्यांहून जास्त तेल, म्हणून तर ती चव. अडकित्त्याने फोडायला जाऊ नका, अडकित्ता मोडेल. शिकंजा किंवा हातोडी.

हवाईतल्या त्या मूठभर बियांकडे परत जाऊ या. आज दक्षिण आफ्रिका, केनिया, चीन, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे मळे आहेत, आणि त्यातला मोठा भाग हवाईच्या कलमांचा वंशज. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या लागवडीच्या जातींचे आणि रानातल्या झाडांचे जनुक ताडून पाहिले. हे विद्यापीठ लिझमोरचंच, म्हणजे जिथे बिग स्क्रब होतं तिथलं. हवाईच्या बहुतेक जातींची आई कुठली निघाली? क्वीन्सलंडमधल्या गिंपी गावाजवळच्या एका छोट्याशा पट्ट्यातली. एखादं झाड, फार तर काही झाडं. जगभरच्या मळ्यांचं मूळ एवढुशा जागेत.

यात धोका काय ते शेतकऱ्याला लगेच कळेल. सगळे एकाच आईचे, म्हणजे एक रोग, एक कीड, एक बदललेलं हवामान आलं तर सगळ्यांची दुखणी सारखी. नवीन गुण आणायचे तर कुठून? रानातून. आणि रान उरलंय किती? इंटेग्रिफोलिया आणि टेट्राफायला, दोन्ही आज ऑस्ट्रेलियात धोक्यातल्या जाती म्हणून नोंदलेल्या आहेत. मळ्यांत लाखोंनी, रानात शेतांच्या कडेला, ओढ्यांच्या काठाला, तुकड्यांत. वर मळ्यातल्या झाडांचे पराग मधमाश्या रानातल्या झाडांवर नेतात, त्यामुळे जवळच्या रानटी बियांतही मळ्याचं रक्त मिसळतं. काजूच्या भागात मी म्हणालो होतो, झाड वाचवायचं तर त्याची लागवड करा. अनेकदा ते खरंही असतं. मॅकाडेमियाच्या बाबतीत ते पुरत नाही. मळ्यात जे नाही तेच रानात वाचवायचं आहे.

आणि रानात अजून काय आहे याचा तरी कुठे पूर्ण पत्ता होता! १९८३ मध्ये क्वीन्सलंडमधल्या एका ऊस शेतकऱ्याला, रे जॅन्सन यांना, आतापर्यंतच्या तिन्ही जातींपेक्षा वेगळं मॅकाडेमिया दिसलं. शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, आवडीने झाडं बघणारा माणूस. बाकी जातींच्या बऱ्याच उत्तरेला, आज बुलबुरिन राष्ट्रीय उद्यान आहे तिथे. १९९२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं मॅकाडेमिया जॅन्सेनी. ही चौथी जात. रानातली मोठी झाडं शंभरच्या आसपास, सगळी त्या एकाच भागात. बी लहान. आणि चव? कडू.

कडू म्हणून तिला कुणी टाकून दिलेलं नाही. झाड बुटकं आहे, आणि उंच झाडांच्या मळ्यात बुटकेपणा हा फार हवासा गुण असतो. तिचा जनुकसंच वाचून झालाय, रोपं वाढवून दुसऱ्या सुरक्षित जागी लावण्याचं कामही चालू आहे.

तर ताई, नमुना पाठवा आणि काय निघालं ते नक्की कळवा. पुढच्या भागात सिल्व्हर ओक पाचगणीला कसा पोचला ते बघू. तुमच्याकडे जुन्या मळ्यांचे फोटो असतील तर पाठवा. भेटूया.